एकाच पाठीवरचा पंप: मावळातील भातखाचरे, फवारणी आणि एका विषबाधेचे प्रकरण

या लेखातील वाडी, माणसे आणि दुकान यांची ओळख कळू नये म्हणून नावे वगळली आहेत. जमीनधारक शेतकऱ्याला वाडीत सगळे ज्या नात्याने हाक मारतात त्याप्रमाणे येथे ‘आबा’ म्हटले आहे, आणि फवारणी करणाऱ्या मजुराला ‘भाऊ’. आमचा सहा जणांचा गट पुण्यातून मावळात जाऊन शेती आणि आरोग्य या विषयांवर काम करतो. ही घटना आमच्याच कार्यक्षेत्रात घडली, त्यामुळे तिच्या मांडणीत आमच्या चुकांचाही हिशोब आला आहे.

पार्श्वभूमी

पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेकडील मावळ, मुळशी, भोर आणि वेल्हे (आताचा राजगड) हे तालुके म्हणजे सह्याद्रीच्या कुशीतला भाताचा पट्टा. पूर्वी येथे आंबेमोहोर मोठ्या प्रमाणावर होत असे. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून तयार केलेला इंद्रायणी हा वाण १९८७ साली प्रसारित झाला आणि आज बहुतेक खाचरांत तोच दिसतो. हा वाण १३५ ते १४० दिवसांत तयार होतो. म्हणजे जुलैत लावणी झाली की ऑगस्टच्या शेवटी भात जोमाने फुटवे धरतो, आणि नेमका त्याच वेळी खोडकिडा, पाने गुंडाळणारी अळी आणि तुडतुडे यांचा जोर वाढू लागतो.

ही वाडी पवनेला मिळणाऱ्या एका ओढ्याच्या काठी आहे. तीसेक घरे, आणि प्रत्येकाची भातजमीन दहा गुंठ्यांपासून फार तर दीड-दोन एकरांपर्यंत. तरुण मुले चाकण आणि तळेगावच्या कारखान्यांत पाळीवर जातात, त्यामुळे शेतात उरतात ती पन्नाशी-साठी ओलांडलेली माणसे आणि घरातल्या बायका. लावणी अजूनही इर्जिकीने, एकमेकांच्या मदतीने होते. फवारणीचे मात्र तसे नाही. पाठीवर सोळा लिटरचा पंप घेऊन गुडघाभर चिखलातून चालणे वयस्कर माणसाला झेपत नाही, आणि नोकरदार मुलाला त्यासाठी रजा काढणे परवडत नाही. त्यामुळे गेल्या सात-आठ वर्षांत वाडीतल्या जवळजवळ सर्व खाचरांची फवारणी एकाच माणसाकडे आली होती. भाऊ भूमिहीन, चाळिशीच्या आसपासचे, अंगाने काटक. त्यांना मजुरी मिळे ती दिवसाची नव्हे, पंपामागे. जितके पंप रिकामे होतील तितके पैसे.

ही व्यवस्था कोणी दुष्टपणाने उभी केलेली नव्हती. प्रत्येक घराने आपापल्या अडचणीतून सोयीचा मार्ग काढला आणि त्या सगळ्या सोयी मिळून एका माणसाच्या अंगावर येऊन पडल्या. तीस गुंठ्यांच्या मालकाला फवारणीचा संपर्क हंगामात एखाद-दुसऱ्या दिवसाचा असतो. भाऊंना तो पंधरवडाभर सलग होता. सेंद्रिय फॉस्फरस गटातील कीटकनाशके शरीरातील कोलिनेस्टरेज या विकराला निष्प्रभ करतात आणि त्याची पातळी पूर्ववत व्हायला काही आठवडे लागतात. म्हणून रोज थोडे-थोडे अंगात गेलेले विष दुसऱ्या दिवशी कोऱ्या पाटीवर लिहिले जात नाही, ते आदल्या दिवसाच्या तुटीवर साचत जाते. या प्रकरणातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे आणि घटनेपूर्वी ती आमच्या ध्यानात आली नव्हती.

घटना

सप्टेंबरचा पहिला आठवडा होता. पावसाने तीन-चार दिवस उघडीप दिली होती आणि गणपती-गौरी तोंडावर आले होते. सणाच्या आधी फवारणी उरकून घ्यावी, मग आठ-दहा दिवस कोणी शेतात फिरकणार नाही, असा सगळ्यांचाच विचार होता. आबांच्या पस्तीस गुंठ्यांत मधूनमधून पोंगे, म्हणजे रोपाचे मधले शेंडे, वाळलेले दिसत होते. ते तालुक्याच्या गावी दुकानात गेले, ‘भातात मर दिसतीय’ एवढेच सांगितले, आणि दुकानदाराने प्रोफेनोफॉस आणि सायपरमेथ्रिन यांचे मिश्रण असलेली बाटली आणि एक ‘टॉनिक’ दिले. पावती त्यांनी मागितली नाही आणि दुकानदाराने दिली नाही. हे मिश्रण कापसासाठी शिफारस केलेले आहे. भाताचा उल्लेख त्याच्या लेबलवर नव्हता. घरी पडवीच्या आढ्याला मागच्या हंगामातली मोनोक्रोटोफॉसची अर्धी बाटली खोचून ठेवलेली होती. लाल त्रिकोणाचे, म्हणजे सर्वांत विषारी गटातले हे औषध. केंद्र सरकारने २०२३ साली मोनोक्रोटोफॉस ३६ टक्के या द्रावणावर बंदी घातली, तरी घराघरांत उरलेल्या बाटल्या त्या आदेशाने आपोआप नाहीशा झालेल्या नाहीत. ‘एका औषधानं भागत नाही’ या समजुतीने आबांनी दोन्ही एकत्र करायला सांगितले.

त्या पंधरवड्यातला भाऊंचा तो फवारणीचा नववा दिवस होता. सकाळी आठला त्यांनी सुरुवात केली. माप म्हणून बाटलीचेच टोपण वापरले. शिफारशीचे प्रमाण बहुधा दहा लिटरसाठी सांगितलेले असते आणि पंप सोळा लिटरचा असतो. तो हिशोब बांधावर कोणी करत नाही, अंदाजाने दोन टोपणे जास्त जातात. पंपाच्या झाकणाचा वायसर झिजला होता, त्यामुळे चालताना द्रावण पाठीवर पाझरत होते आणि सुती सदरा ते शोषून अंगाला चिकटवून ठेवत होता. भात मांडीपर्यंत आलेला असल्याने आणि नळी समोर धरून पुढे चालल्याने नुकत्याच फवारलेल्या ओल्या पातीतूनच त्यांना वाट काढावी लागत होती. नोझल तुंबले तेव्हा त्यांनी ते तोंडाने फुंकून मोकळे केले, आणि मध्ये दोनदा बांधावर बसून, हात खाचरातल्याच पाण्यात बुडवून, तंबाखू मळून खाल्ली. दुपारी एकपर्यंत चौदा पंप झाले.

अडीचच्या सुमारास घरी डोके दुखू लागले. मग मळमळ, दोन उलट्या, दरदरून घाम. त्यांच्या पत्नीला, म्हणजे वहिनींना, वाटले ऊन आणि उपासपोट यांनी पित्त खवळले असेल. त्यांनी लिंबू सरबत दिले आणि नंतर, ‘औषधावर दूध उतारा असतो’ असे शेजारणीने सांगितल्यावर, दूध पाजले. साडेचारला जवळच्या गावातील खाजगी डॉक्टरांकडे नेले. तिथे घरच्यांनी पित्ताचाच त्रास सांगितला. फवारणीचे नाव काढले नाही. पित्ताचे इंजेक्शन आणि सलाईन घेऊन सर्व जण सहाला परत आले. तोपर्यंत भाऊंच्या तोंडातून लाळ गळत होती, पापण्या आणि दंडाचे स्नायू उडत होते आणि ‘डोळ्यांपुढं सगळं धुरकट दिसतंय’ असे ते पुन्हा पुन्हा सांगत होते.

फवारणीचे नाव का काढले नाही, हे आम्ही वहिनींना महिनाभराने विचारले. त्या म्हणाल्या, ‘विष म्हटलं की पोलीस येत्यात. लोक म्हणतील त्यानं स्वतःहून घेतलं.’ विषबाधेचा रुग्ण आला की रुग्णालयाला पोलिसांना कळवावे लागते, ही नोंद कायदेशीर प्रक्रियेचा भाग असते, आणि ग्रामीण भागात कीटकनाशकाचे नाव आत्महत्येशी इतके जोडले गेले आहे की कामावर झालेली विषबाधा सांगायलाही लोक बिचकतात. त्या दिवशीचे दोन तास या भीतीत गेले.

वाडीतील आशाताई सातच्या सुमारास सहज डोकावल्या. खोलीत शिरताच त्यांना औषधाचा उग्र वास आला, कारण भाऊंच्या अंगात सकाळचाच सदरा होता. त्यांनी मोबाइलच्या उजेडात डोळे पाहिले. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. मग त्यांनी जे केले ते क्रमाने सांगणे आवश्यक आहे. आधी कपडे काढायला लावले, हातात प्लास्टिकच्या पिशव्या घालून साबण आणि भरपूर पाण्याने अंग, केस, नखे धुतली, भाऊंना कुशीवर झोपवले, तोंडाने काहीही द्यायला मनाई केली, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावली आणि आबांच्या मुलाला बांधावरच्या बाटल्या शोधायला पिटाळले. एक बाटली ओढ्यात वाहून गेली होती. दुसरी सापडली, तिच्या लेबलचा फोटो आणि आढ्यावरच्या बाटलीचा फोटो त्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना पाठवला. रुग्णवाहिका केंद्रावर पोहोचली तेव्हा या विषावरचा उतारा असलेले अ‍ॅट्रोपिन तयार होते.

पुढचे उपचार पुण्यातील शासकीय रुग्णालयात झाले. रक्तातील कोलिनेस्टरेजची पातळी बरीच खाली गेलेली आढळली. छातीतला कफ कमी होऊन श्वास मोकळा होईपर्यंत अ‍ॅट्रोपिन चालू राहिले, सोबत प्रालिडॉक्सिम दिले गेले. पहिला धोका टळल्यावरही एक ते चार दिवसांच्या दरम्यान मान आणि श्वासाचे स्नायू अचानक दुबळे पडू शकतात, म्हणून त्यांना आठवडाभर देखरेखीखाली ठेवण्यात आले. ते वाचले. घरी आल्यावर मात्र हातापायांतला जोर परत यायला दोन महिने गेले आणि तेवढे दिवस घरात मजुरी आली नाही.

समस्या नेमकी कोणती होती

पहिल्या आठवड्यात वाडीत आणि आमच्या गटातही जे बोलले जात होते त्याचा सूर एकच होता: ‘तोंडाला रुमाल बांधला असता तर हे झालं नसतं.’ हे म्हणणे सोपे आहे आणि बऱ्याच अंशी चुकीचे आहे. शेतातल्या फवारणीत या गटातील औषधे शरीरात जातात ती मुख्यतः त्वचेवाटे. पाठ, मांड्या आणि जांघा भिजल्या होत्या तिथे रुमालाने फारसा फरक पडला नसता. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, दोष रुमाल न बांधणाऱ्याकडे सरकवला की औषध कोणी निवडले, मिश्रण कोणी करायला सांगितले, मजुरी पंपामागे का होती आणि झिजलेला वायसर बदलणे कोणाचे काम होते, हे सगळे प्रश्न गळून पडतात. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले तेव्हाही हातमोजे आणि मास्क यांची चर्चा बरीच झाली होती.

आम्ही चौथ्या दिवशी आबांच्या शेजारच्या, अजून न फवारलेल्या खाचरात मोजणी केली. तिरक्या चालीने वीस चूड (एका जागी लावलेल्या भातरोपांचे झुबके) तपासले; २५२ फुटव्यांपैकी सहा पोंगे वाळलेले होते, म्हणजे सुमारे २.४ टक्के. खोडकिड्यासाठी फवारणीचा विचार करण्याची पातळी ५ टक्के वाळलेले पोंगे, किंवा एका चौरस मीटरला एक अंडीपुंज, अशी आहे. आबांच्या खाचरातही नुकसान यापेक्षा फारसे वेगळे नव्हते, असे त्यांच्या सांगण्यावरून दिसते. म्हणजे ज्या फवारणीने एका माणसाला मरणाच्या दारात नेले तिची त्या दिवशी पिकाला गरजच नव्हती. हे आबांना सांगताना आम्हाला जड गेले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

पुढे तीन आठवड्यांनी आणखी एक गोष्ट घडली. आबांच्या खाचरात मधोमध गोल चट्टे पडून भात करपल्यासारखे दिसू लागले, आणि चूड बाजूला करून पाहिले तर बुडाशी तपकिरी तुडतुडे खच्चून भरलेले होते. सायपरमेथ्रिनसारख्या कृत्रिम पायरेथ्रॉइड औषधांनी कोळी, मिरिड ढेकूण हे तुडतुड्यांचे शत्रू मरतात आणि नंतर तुडतुडे उफाळून येतात, ही गोष्ट भातसंशोधकांना कित्येक दशकांपासून ठाऊक आहे. न फवारलेल्या शेजारच्या खाचरात एका चुडावर तीन-चार तुडतुडे आणि दोन कोळी, अशी स्थिती होती. एका खाचरावरून कारण सिद्ध होत नाही, युरियाही आबांनी जास्त टाकला होता. पण वाडीतल्या माणसांनी दोन्ही खाचरे बांधावर उभे राहून पाहिली आणि आमच्या महिनाभराच्या बोलण्याने झाले नसते ते त्या पाहण्याने झाले.

पर्यायांचा विचार

दिवाळीनंतर देवळाच्या मंडपात बैठक झाली. या वेळी भाऊ आणि वहिनी दोघेही होते, आणि खाचरात बेणणी करणाऱ्या सात-आठ बायकाही.

पहिला पर्याय संरक्षक पोशाखाचा होता. आमच्यातील दोघांचा याकडे कल होता, कारण तो लगेच करता येण्यासारखा आणि दाखवता येण्यासारखा होता. भाऊंनी त्याला सरळ विरोध केला नाही, पण म्हणाले, ‘घालीन की. पण सप्टेंबरच्या उकाड्यात तो प्लास्टिकचा अंगरखा घालून चार पंपांनंतर तुम्ही मारून बघा.’ आमच्यातील एकाने नंतर साध्या पाण्याने भरलेला पंप घेऊन ते करून पाहिले. तिसऱ्या पंपाला त्याला सावलीत बसावे लागले. पोशाख निरुपयोगी नाही, पण पंपामागे मजुरी असताना तो पहिल्या तासातच अंगावरून उतरतो.

दुसरा पर्याय ड्रोनचा. आबांच्या मुलाने त्याची माहिती आणली होती. सपाट, मोठ्या वावरात त्याचा उपयोग आहे. येथे मात्र पायऱ्यापायऱ्यांची पाच-सात गुंठ्यांची खाचरे, बांधावरची झाडे, वरून गेलेल्या विजेच्या तारा आणि लगतची घरे व ओढा असल्याने तो बाजूला ठेवावा लागला.

तिसरा पर्याय बायकांनी मांडला आणि तो सर्वांत स्पष्ट होता: विषारी औषध अजिबात नको. त्यांचे कारण आम्ही आधी विचारातच घेतले नव्हते. फवारणीच्या दुसऱ्या दिवशी त्याच खाचरात उतरून त्या हातांनी तण काढतात, त्याच पाण्यातले खेकडे धरून घरी कालवण होते, आणि फवारणीचे कपडे ओढ्यावर घरच्या कपड्यांबरोबर त्याच धुतात. भाऊ रुग्णालयात असताना वहिनींच्या हातांवर पुरळ आले होते. तो सदरा त्यांनीच धुतला होता. एका मावशी म्हणाल्या, ‘पंप एकाच्या पाठीवर दिसतो, औषध सगळ्यांच्या ताटात असतं.’ हा पर्याय आम्हाला मनापासून पटत होता. तरीही तुडतुड्यांचा मोठा हल्ला आला तर निंबोळी अर्कावर किंवा दशपर्णी अर्कावर भिस्त ठेवून एखाद्याचे वर्षाचे भात गेले, तर ते भरून देण्याची आमची ताकद नव्हती, आणि तसे आम्ही त्यांना सांगितले.

चौथा पर्याय चर्चेतूनच तयार झाला. आधी मोजायचे, मग ठरवायचे. लाल त्रिकोणाचे औषध वाडीत आणायचे नाही. मिश्रण करायचे नाही. आणि फवारणी करावीच लागली तर एकाच माणसाने सलग करायची नाही. बायकांनी त्याला संमती दिली ती एका अटीवर: फवारलेल्या खाचरावर काठीला लाल फडके बांधायचे आणि ते उतरेपर्यंत कोणालाही बेणणीला बोलवायचे नाही.

केलेली कार्यवाही

पुढच्या खरिपात काम रोपवाटिकेपासून सुरू झाले. लावणीपूर्वी रोपांचे शेंडे खुडले, कारण खोडकिड्याची मादी पातीच्या टोकाकडे अंडी घालते. तेवीस खातेदार सामील झाले. त्यांपैकी नऊ जणांनी चारसूत्री पद्धतीने ठरावीक अंतरावर लावणी करून युरिया-डीएपीच्या गोळ्या चिखलात खोचल्या, म्हणजे वरून युरिया फेकून भात हिरवेगार आणि लुसलुशीत होण्याचे थांबले. नर पतंगांना मादीच्या वासाने ओढणारे कामगंध सापळे आणि बांधावर पक्षी थांबे लावले. कापणी जमिनीलगत करून धसकटे नांगरून टाकण्याचेही ठरले. ते सहा-सात जणांनीच केले, कारण त्या वेळी बैल मिळत नाहीत.

मोजणीचे काम दोन बायका आणि भाऊ यांच्याकडे दिले. दर आठवड्याला प्रत्येक खातेदाराच्या खाचरात वीस चूड, वाळलेले पोंगे, तुडतुडे आणि कोळी. वहीत साध्या उभ्या रेघांनी नोंद. तुडतुड्यांसाठी मर्यादा चुडामागे पाच ते दहाची ठेवली, आणि पाचच्या वर गेले की आधी खाचराचे पाणी तीन-चार दिवस काढून टाकायचे असे ठरवले. मोजणीसाठी भाऊंना दिवसाची मजुरी मिळाली; ती प्रत्येक खातेदाराने गुंठ्याप्रमाणे वर्गणी काढून दिली. फवारणीची मजुरीही पंपामागे न ठेवता अर्ध्या दिवसाची ठेवली. माझ्या मते या सगळ्या यादीत हाच एक बदल असा होता की ज्याने माणसाचे वागणे उपदेशाशिवाय बदलले. घाई करण्याचे कारणच संपले, त्यामुळे वारा पाहून थांबणे, नोझल तोंडाने न फुंकता तारेने साफ करणे, मध्येच हात साबणाने धुणे हे आपोआप होऊ लागले.

आढ्यावरच्या बाटल्या गोळा केल्या तेव्हा तीस घरांतून एकोणीस निघाल्या, त्यांतल्या काही मुलांच्या हाताला येतील अशा जागी होत्या. त्या पत्र्याच्या एका कुलूपबंद पेटीत ठेवून कृषी सहाय्यकांकडे विचारणा केली. नवीन औषध घेताना पावती घ्यायची आणि लेबलचा फोटो आशाताईंच्या मोबाइलवर पाठवायचा, हा नियम सर्वांत सहज रुजला.

हंगामापूर्वी फवारणी करणाऱ्यांच्या कोलिनेस्टरेजची तपासणी करून ठेवायची, म्हणजे नंतरच्या पातळीशी तुलना करता येईल, असाही बेत होता. त्यासाठी तळेगावला जावे लागे, दिवस मोडे. पाचपैकी दोघेच गेले. हे काम फसले.

परिणाम

तेवीसपैकी सहा खातेदारांच्या खाचरांत मोजणीनुसार फवारणी करावी लागली, ती एकेकदाच. त्यांपैकी चार ठिकाणी घरच्याच माणसाने पंप घेतला, दोन ठिकाणी भाऊंनी. विषबाधेची तक्रार आली नाही. पण इतक्या थोड्या माणसांवरून आणि एका हंगामावरून पद्धत सुरक्षित आहे असे म्हणता येणार नाही. दोन खातेदारांचे तुडतुड्यांनी नुकसान झाले. एकाने पाणी काढायला उशीर केला होता. दुसऱ्याच्या खाचराला वरच्या खाचरातून पाणी सतत उतरत असल्याने ते काढताच येत नव्हते, आणि हा दोष आमच्या नियमाचा होता, त्या शेतकऱ्याचा नव्हता. तो सप्टेंबरच्या शेवटी पुन्हा दुकानात गेला. आम्ही त्याला अडवू शकलो नाही, आणि अडवण्याचा अधिकारही आमचा नव्हता.

भाऊंच्या बाबतीत परिणाम अधिक गुंतागुंतीचा आहे. वाडीतली फवारणी कमी झाली तशी त्यांची मिळकतही कमी झाली. मोजणीच्या मजुरीने त्यातला अर्धाच खड्डा भरला. ऑगस्टमध्ये आम्हाला कळले की ते ओढ्यापलीकडच्या गावात पंपामागे मजुरीने फवारणीला जात आहेत. वाडीतला धोका कमी झाला असे आम्ही वहीत लिहीत होतो, तेव्हा त्यातला काही भाग त्याच पाठीवरून ओढा ओलांडून गेला होता.

निर्णयाचे टप्पे आणि वेगळे काय करता आले असते

सर्वांत आधीचा चुकलेला निर्णय आमचा आहे. घटनेच्या आधीच्या जूनमध्ये आम्ही याच वाडीत कीड ओळखीचे प्रशिक्षण घेतले होते. निमंत्रितांची यादी सातबाऱ्यावरून केली. जो माणूस वाडीतल्या बहुतेक खाचरांत औषध मारत होता त्याच्या नावावर एक गुंठाही नव्हता, म्हणून तो यादीत आला नाही. यादी करताना ‘येथे पंप कोण उचलतो’ एवढा एक प्रश्न विचारला असता तर त्याचे नाव पहिले आले असते.

हीच फट पुढे मदतीच्या वेळी पुन्हा दिसली. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने असलेल्या शेतकरी अपघात अनुदान योजनेत विषबाधेचा समावेश आहे, पण ती मृत्यू आणि अपंगत्वासाठी आहे, आणि तिचा लाभ खातेदार शेतकरी व त्याच्या कुटुंबातील एक सदस्य यांच्यापुरता आहे. दोन महिने अंथरुणाला खिळलेल्या भूमिहीन मजुराला तिच्यात जागा नाही. रुग्णालयात येण्या-जाण्याचा आणि घरखर्चाचा भार आबांनी उचलला. तो त्यांनी माणुसकीने उचलला. तसे करणे त्यांच्यावर कोणत्याही कराराने बंधनकारक नव्हते, आणि पुढचा मालक आबांसारखाच असेल याची खात्री नाही. फवारणीच्या मजुरीतच आजारपणाच्या दिवसांसाठी काही रक्कम बाजूला काढण्याचा विषय आम्ही पहिल्या बैठकीतच मांडायला हवा होता. तो दुसऱ्या वर्षी निघाला आणि अजून ठरलेला नाही.

दुकानातला निर्णय आबांनी एकट्याने घेतला असे वरवर दिसते. खरे तर त्यांनी लक्षण सांगितले आणि विकणाऱ्याने औषध ठरवले, खाचर न पाहता. वाळलेल्या पोंग्यांचे दोन चूड उपटून त्यांनी कृषी सहाय्यकांना दाखवले असते, किंवा किसान कॉल सेंटरच्या १८००१८०१५५१ या क्रमांकावर विचारले असते, तर कदाचित ‘आठवडाभर थांबा’ हे उत्तर मिळाले असते. पण थांबा म्हणणाऱ्याचा सल्ला सणाच्या तोंडावर किती जण मानतील, हा प्रश्न उरतोच. म्हणून मोजणी शेतकऱ्याच्या स्वतःच्या हातात असणे आम्हाला अधिक महत्त्वाचे वाटते.

दुपारी अडीच ते सात या साडेचार तासांत तीन वेळा वाट बदलता आली असती. कपडे काढून अंग धुणे हे पहिल्या उलटीलाच करता येण्यासारखे होते आणि त्याला डॉक्टर लागत नाही. दूध आणि सरबत देण्याऐवजी काहीच न देणे योग्य होते. गुंगीत असलेल्या माणसाला उलटी झाली की तोंडावाटे दिलेले श्वासनलिकेत जाऊ शकते. आणि डॉक्टरांसमोर ‘आज औषध मारलं होतं’ हे एक वाक्य बोलले गेले असते तर निदान तिथेच झाले असते. त्या डॉक्टरांनी व्यवसाय आणि दिवसभराचे काम विचारायला हवे होते, हेही तितकेच खरे आहे. भाताच्या गावात सप्टेंबरमध्ये घाम, उलटी आणि बारीक बाहुल्या घेऊन आलेल्या माणसाला तो प्रश्न पहिला विचारला जावा, असे आम्ही आता परिसरातल्या प्रत्येक दवाखान्यात जाऊन सांगतो. पोलिसांच्या नोंदीची भीती कमी करण्यासाठी आशाताईंनी एक साधा उपाय सुरू केला: फवारणीला जाणाऱ्याने सकाळी त्यांना शेताचे नाव आणि बाटलीचा फोटो पाठवायचा. पुढे काही झालेच तर तो कामावर गेला होता, याची नोंद आधीच तयार असते.

सद्यस्थिती

ओढ्यापलीकडच्या गावात जायचे की नाही यावर आमच्या गटात मतभेद होते. दोघांचे म्हणणे होते की एका वाडीतले काम पक्के झाल्याशिवाय पुढे जाऊ नये. शेवटी भाऊंनीच तो प्रश्न सोडवला. पलीकडच्या गावातल्या ज्या सात शेतकऱ्यांकडे ते फवारणी करतात त्यांना त्यांनी आमच्या वाडीतील मोजणीची वही नेऊन दाखवली, आणि ‘औषध मारायच्या आधी मला एक दिवस मोजायला द्या, त्याची मजुरी द्या, मग मारायचं का ते ठरवू’ असे स्वतःच्या शब्दांत सांगितले. तिघे तयार झाले आहेत. येत्या जूनमध्ये रोपे टाकण्यापूर्वी त्या तिघांच्या खळ्यावर बैठक ठरली आहे, आणि तिचे निमंत्रण कोणाकोणाला द्यायचे ती यादी या वेळी भाऊ करत आहेत.